हद्दीपलीकडचा बैल

शाहपुरात बैलाचा जाणकार म्हटलं की गिरधर-उखर्डूचं घर. आजचं नाही, आज्यापासूनचं. केळीचे बाग पुष्कळांचे, कपाशी पुष्कळांची, पण बैलाच्या पाठीवर नुसता हात फिरवून तो कोणत्या खांद्याला चालतो ते सांगणारं घर तापीच्या दोन्ही काठांना हे एकच. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं गावात जाऊन विचारावं.

गिरधर थोरला. दणकट, बोलका, चार बुकं शिकलेला. त्याच्या पाठची तीन लेकरं गेली, म्हणून चौथं जन्मलं तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि चुलतीनं मूठभर ज्वारी देऊन विकत आणलं. उकिरड्यावरचं पोर, यमाच्या काय कामाचं. त्याचं नाव उखर्डू पडलं आणि ते जगलं. उखर्डू लहानपणापासून कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचं गिरधर बोलायचा, आणि ते दोघांनाही बराबर वाटायचं.

पण एका गोष्टीत गावाला गिरधर नाही, उखर्डूच लागायचा. आपल्याकडे बैलाचा तंटा झाला, एक म्हणतो माझा, दुसरा म्हणतो माझा, तर कचेरीत कोणी जात नव्हतं. बैल मोकळ्या जागी मधोमध आणायचा. दोन्ही दावेदार दोन बाजूंना उभे करायचे. मधला माणूस दोर सोडतो, दोघं आपापल्या रोजच्या हाकेनं बैलाला बोलावतात, आणि बैल ज्याच्याकडे जाईल त्याचा. त्याच्यावर मग कोणी ब्र काढत नाही. सगळा भार त्या मधल्या माणसावर. दोर सोडताना त्यानं बैलाचं तोंड एका बाजूला जरा वळवलं तरी फैसला फिरला. शाहपूर, देडतलाई, पार नदीपलीकडेसुद्धा हा दोर धरायला उखर्डूला बोलावणं यायचं. तो जायचा, दोर सोडायचा, पाणी पिऊन परत यायचा. बिदागी कधी घेतली नाही. घरात तो दोर देवळीत वेगळा ठेवलेला असायचा, त्यानं दुसरं काही बांधत नव्हते.

त्याच उखर्डूचा बैल चोरीला गेला. इंग्रजांचं शेवटचं वर्ष होतं. देडतलाईच्या बाजारात गाडी सोडून उखर्डू मीठ घ्यायला गेला आणि परत येतो तर जोडीतला चांद्या नाही. तांबडा निमाडी बैल, कपाळावर पांढरा चांद, चालीला असा की गाडीतलं दूध हिंदकळू नये. गिरधरनं आठ गावं पालथी घातली. बैल मिळाला नाही.

हिवाळा गेला. चैत्रात बऱ्हाणपूरच्या एका कापडवाल्यानं लुगड्यांच्या गाठी भिकनगावला पोचवायला उखर्डूची गाडी ठरवली. उखर्डूनं उरलेल्या बैलाबरोबर एक उसना बैल जोडला आणि असीरगड मागे टाकून, डोंगर चढून तो होळकरांच्या हद्दीत उतरला. तिकडे राज्य इंदूरच्या महाराजांचं. नाक्यावर शिपाई वेगळा, टोपी वेगळी, कायदाही वेगळा. पण माती तीच आणि बैलही तेच, म्हणून उखर्डूला परमुलखात आल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

गाठी उतरवून तो बैलबाजारात गेला, नुसता बघायला. आणि एका चिंचेखाली चांद्या बांधलेला.

बैलाचा आताचा धनी तिथं नव्हता. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, चुडामण पटेलाचा आहे, जवळच्याच गावचा, जेवायला गेला असेल. उखर्डू उभा राहिला. त्याला वाटलं धावत जाऊन मिठी मारावी, पण तो दोर धरणारा माणूस. त्यानं चार बाजारकरी बोलावले, आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगितलं. मग एकाला दोर सोडायला लावला आणि स्वतः वीस हात लांब जाऊन रोजची हाक घातली. चांद्यानं कान टवकारले आणि सरळ चालत येऊन त्याच्या खांद्यावर तोंड घासलं. बाजारकरी म्हणाले, बैल याचाच.

चहावाल्याला उखर्डू सांगून आला, पटेल आला की त्याला म्हण, शाहपूरचा उखर्डू आपला बैल घेऊन गेला. चांद्याला गाडीच्या मागं बांधला. परतताना नाक्यावर जकात भरली, तिथंही नाव-गाव सांगितलं. त्या घरात शिकवणच तशी, परक्याच्या विहिरीचं पाणी प्यायच्या आधी आपण कोण ते सांगायचं.

घरी आल्यावर गिरधरनं गावाला गूळ वाटला.

आठवडा झाला नाही तोच पोलीस दारात. चुडामण पटेलानं तिकडच्या ठाण्यावर फिर्याद दिली होती, की आपण दुसऱ्या बाजारात रोख देऊन घेतलेला बैल शाहपूरचा उखर्डू चोरून घेऊन गेला. नाव-गाव शोधायची गरजच पडली नाही, ते सगळं उखर्डूच सांगून आला होता.

उखर्डू फौजदाराला म्हणाला, बैल सोडला होता, बैलच आला. फौजदार हिंदुस्तानी, म्हणजे उत्तरेकडचा माणूस, त्याला हे काही कळलं नाही. त्यानं विचारलं, सोडला तेव्हा समोरचा दावेदार कुठं होता?

 तो प्रश्न उखर्डूला वाटेतही एकदा शिवून गेला होता, असीरगडच्या उतारावर. तेव्हा त्यानं तो झटकला होता.

आता पंचाईत अशी, की उखर्डूला होळकरी पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, का इकडेच खटला चालवायचा? गिरधरनं सरळ बऱ्हाणपूरला, राजपुऱ्यात दिगंबर वकिलांचं घर गाठलं. वेशीजवळ घर, बाहेर पाटी, आत कायद्याची बुकं छतापर्यंत. गिरधर म्हणाला, आमचा माणूस परक्या राजाच्या तुरुंगात जाणार नाही. जे काय व्हायचं ते इथं होऊ द्या, जिथं आमच्या घराला चार माणसं ओळखतात. असं त्यानं वकिलांच्या तोंडावर सांगितलं, उभ्या उभ्या. वकील हसले नाहीत. त्यांनी तशी खटपट केली आणि खटला बऱ्हाणपूरच्या कोर्टात आला.

वकिलांनी उखर्डूला समजावलं ते असं. माणूस हद्द ओलांडून आला म्हणून गुन्हा तिकडेच राहत नाही. इंग्रजी मुलखातला माणूस परमुलखात काही करून आला, तर इंग्रजी कोर्ट त्याला घरी बसून विचारू शकतं, जणू ते त्यानं इथंच केलं. पण त्याला एक दाखला लागतो. त्या संस्थानावर इंग्रजांचा जो पोलिटिकल साहेब बसतो, त्यानं लिहून द्यायचं, की हो, हा खटला तिकडे चालवा. दाखला आला की काम सुरू.

"आणि नही आला तर?" उखर्डूनं विचारलं.

"येईल रे. दोन महिन्याचं काम आहे," वकील म्हणाले.

तोवर बैल मुद्देमाल झाला. मुद्देमाल म्हणजे ज्याच्यावरून खटला ती वस्तू. कोर्टात बैल कुठं ठेवणार, म्हणून तो उखर्डूच्याच हवाली केला, पण अटींवर. विकायचा नाही. गाडीला, नांगराला जुंपायचा नाही. प्रत्येक पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, हजर करायचा. आणि त्याची ओळख बदलेल असं काही करायचं नाही.

पेशीच्या दिवशी उखर्डू पहाटेच चांद्याला घेऊन निघायचा. तापीच्या घाटावर त्याला पाणी पाजायचा, मग शहर, मग कचेरीच्या आवारातला कडुलिंब. लिंबाखाली बैल बांधायचा आणि बसायचा. दुपारी शिपाई हाक मारायचा, आत जाऊन उभं राहायचं, मॅजिस्ट्रेट साहेब विचारायचे दाखला आला का, कारकून म्हणायचा नाही, पुढची तारीख. परत चालत घर. गिरधर सोबत असला तर वाटेतल्या प्रत्येकाला सांगायचा, की हा खटला साधा नाही, दोन राज्यांचा आहे, असा खटला शाहपुरात आजवर कोणावर झाला नाही. उखर्डू दोर धरून पुढं चालायचा.

पोळा आला. गिरधरनं हिंगूळ आणला, बेगड आणली. मग त्यालाच शंका आली आणि तो राजपुऱ्यात विचारून आला. वकील म्हणाले, पुरणपोळी घाला, कुंकू लावा, मिरवणुकीतही न्या. पण शिंगं रंगवू नका. ओळख बदलली म्हणून तिकडचा वकील बोंब मारेल.

पोळ्याला सगळ्या गावाच्या बैलांची शिंगं लाल, हिरवी, सोनेरी, आणि मध्ये चांद्या उघड्या करड्या शिंगांचा. वेशीत तोरणाखाली कडू न्हावी म्हणाला, "हा बैल बामनाच्या विधवेवानी काहून आनला रे?" लोक हसले. गिरधर त्याच्या अंगावर गेला. उखर्डूनं भावाचा हात धरून त्याला मागं ओढलं आणि बैल बाजूच्या गल्लीनं घरी नेला. पुढच्या पोळ्याला तो वेशीत गेलाच नाही.

मालूबाई, उखर्डूची बायको, जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी बोलायची नाही. रीतच नव्हती. जे सांगायचं ते ती बैलाला सांगायची, गिरधरला ऐकू जाईल अशा बेतानं. "खा रे बाबा, खा," ती पेंड पुढं सरकवत म्हणायची. "तुला काम नही, धंदा नही. सरकारचा जावई तू. आमी मात्र उसन्या बैलावर वखर हाकतो, आन् मोठी मान्सं गूळ वाटतात." गिरधर पटका नीट करत बाहेर निघून जायचा.

पहिल्या पोळ्याचा तो श्रावण इंग्रज गेल्याचा. शाळेवर झेंडा लागला, पोरांना साखर मिळाली. उखर्डू पुढच्या पेशीला गेला तेव्हा वकिलांचा चेहरा उतरलेला. पोलिटिकल साहेब विलायतेला गेला होता. नुसता तो नाही, त्याची जागाच गेली होती. दाखला आता कोण देणार? नवं सरकार देईल, नागपूरहून. अर्ज नव्यानं करावा लागेल.

तो अर्ज गेला. त्याचं उत्तर येण्याआधी इंदूरचं राज्यच विलीन झालं, ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्यभारत नावाचं नवीन राज्य झालं. मग तिकडून विचारणा आली, की फिर्याद होळकर दरबारची, दरबार आता नाही, कागद कोणाकडे पाठवायचे? मग घटना झाली, सगळा देश एक झाला. पेढे वाटले. पेशी चालूच.

लिंबाखाली एकदा उखर्डूनं वकिलांना विचारलं, "साहेब, ते भिकनगाव आता आपल्या देशात का परदेशात?"

"आपल्या देशात."

"मंग आता दाखला काहून लागतो?"

"तू बैल आणला तेव्हा परदेशात होतं, म्हणून," वकील म्हणाले. तेही थकले होते. पहिल्या वर्षानंतर त्यांनी फी मागायचं सोडलं होतं.

चुडामण पटेल साक्षीला म्हणून दोनदा आला. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला मोठं पागोटं. दोन्ही वेळा साक्ष झालीच नाही, दाखला नव्हता. लिंबाखाली तो लांब बसायचा आणि चांद्याकडे बघायचा. दुसऱ्या वेळी त्यानं वकिलांकडून निरोप पाठवला, की बैल तुम्ही ठेवा, मला अर्धं नुकसान द्या, मी फिर्याद मागं घेतो. मालूबाईनं हे ऐकलं तेव्हा बैलाला सांगितलं, की शहाणा मानूस दिसतो. पण गिरधर ठाम. पैसे दिले म्हणजे चोरी कबूल केली. "चोराच्या घरात तोड होते," तो म्हणाला, "आपल्या घरात फैसला होतो." उखर्डूलाही फैसलाच हवा होता. पैशासाठी नाही. त्या सगळ्या वर्षांत दोर धरायला त्याला एकही बोलावणं आलं नव्हतं. देडतलाईला एक तंटा झाला, त्यांनी शाहपूरचाच वामन तेली नेला. वामन घरावरून गेला तेव्हा मान खाली घालून गेला. ज्याच्यावर बैलचोरीचा खटला, त्यानं बैलाचा दोर कसा धरायचा? उखर्डूलाही हे पटत होतं, म्हणून तो कोणावर रागावू शकत नव्हता. देवळीतल्या दोरावर धूळ बसली. मालूबाई ती झटकायची, उखर्डू बघायचा.

शेवटी एका उन्हाळ्यात साहेबांनीच कंटाळून हुकूम लिहिला. कारकुनानं वाचून दाखवला, वकिलांनी मराठीत सांगितला. कायद्यानं लागणारा दाखला आलेला नाही, त्यावाचून हा खटला या कोर्टाला चालवता येत नाही. आरोपी सुटला. बैल ज्याच्याकडून जप्त केला त्याला परत.

गिरधरनं टाळी वाजवली. शिपायानं त्याला दटावलं.

उखर्डू तसाच उभा. साहेब दुसरा कागद घेत होते. तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? मी चोर आहे का नही?"

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "ते या कोर्टाला बघताच आलं नाही," ते म्हणाले.

वाटेत गिरधर दहा जणांना सांगत होता, की खटला जिंकला, दोन राज्यं एक झाली पण आमच्या उखर्ड्याला हात लावू शकली नाहीत. तापीच्या घाटावर बैल पाणी पीत होता तेव्हा उखर्डू म्हणाला, "भाऊ, मी उद्या भिकनगावला जातो. बैल घेऊन."

गिरधरला वाटलं, ऊन लागलं. "सुटला ना तू? मंग?"

"सुटलो. पन फैसला नही झाला. त्या दिवशी मी बैल सोडला तवा पटेल तिथं नवता. एक्या बाजूनं सोडलेला बैल, त्याला आपुन सोडला म्हनत नही. दुसऱ्या कोनी असं केलं असतं तर मी दोर धरला असता का?"

गिरधर पुष्कळ बोलला. इज्जत काढली, बाप काढला. मग त्याला बोलायला काही उरलं नाही. त्या दिवशी प्रथमच.

उखर्डू एकटाच गेला. पायी, बैलाच्या चालीनं, मुक्काम करत. डोंगर उतरल्यावर जुना होळकरी नाका आला. छप्पर कोसळलं होतं, आत कोणाच्या तरी शेळ्या बसल्या होत्या. उखर्डू सवयीनं थांबला, नाव-गाव सांगायला. विचारणारं कोणी नव्हतं. तो पुढं निघाला.

चुडामण पटेल शेतात होता, वखर हाकत. एक बैल त्याचा, दुसरा शेजाऱ्याचा. बैल गेल्यापासून त्यालाही जोड जमवता आली नव्हती, हे उखर्डूला तेव्हा दिसलं. पटेलानं वखर थांबवला. रागावला नाही, खुशही झाला नाही. दोघं बांधावर बसले. पटेलाची बोली निमाडी, उखर्डूची शाहपुरी, पण बैलाविषयी बोलायला दोन्ही पुरतात. उखर्डूनं सांगितलं, मी आलो ते बैल सोडायला. तू तिकडे उभा राहा, मी इकडे राहतो, मधे तुमच्या गावचा कोणी दोर धरेल. तुझ्याकडे आला तर तुझा.

 पटेल म्हणाला, की हा तीन वर्षं तुझ्या हातचं खातो आहे. आता सोडून काय कळणार? सोडायचा तर त्या दिवशी सोडायचा होता, मी जेवून येईपर्यंत थांबून.

 उखर्डूनं मान हलवली. इतकं चालून आल्याचा थकवा त्याच्या पायांत एकदम उतरला आणि त्याला वाटलं, आता इथून उठणंच नको.

पटेलानं चिलीम भरली, आधी त्याला दिली. मग आपलं सांगितलं. बैल घरी आणला त्या रात्रीपासून तो दक्षिणेकडे तोंड करून उभा राहायचा. पटेलाला तेव्हाच कळलं होतं, की हा कुणाच्या तरी गोठ्यातून उठवलेला आहे. पण पैसे दिले होते. चोरीचा बैल घेणारा मूर्ख, असं गावानं म्हणू नये म्हणून तो गप्प राहिला. आणि बैल गेला तेव्हा ठाण्यावर गेला नसता, तर लोक तेच म्हणाले असते.

 वखर अर्ध्या शेतात उभा होता, शेजाऱ्याचा बैल दुपारी परत द्यायचा होता. उखर्डू उठला. त्यानं शेजाऱ्याचा बैल सोडला आणि त्याच्या जागी चांद्याला जुंपला. तीन वर्षं मानेला जू लागलं नव्हतं. चांद्या आधी बिचकला, तिरपा ओढायला लागला, दोन तासं, म्हणजे वखराच्या ओळी, वाकडी गेली. उखर्डू त्याच्या बाजूनं चालत राहिला, पटेल रुमणं धरून. तिसऱ्या तासाला बैलाला आठवलं.

रस्त्यानं बाजाराला निघालेली दोन माणसं बांधाशी थांबली. त्यांतल्या एकानं ओरडून विचारलं, पटेल, बैल नवा घेतला का?

चुडामण पटेलानं वखर थांबवला. बाजारात लुगडी विकायला बसलेल्या माणसासारखा मोठ्यानं म्हणाला, "मेरा नहीं. शाहपुरवाले उखर्डूभाई का बैल है. चोरी गया था, मैंने चोर से मोल लिया था. ये उखर्डूभाई."

त्या माणसांनी रामराम घातला. उखर्डूनंही घातला. वखर पुढं गेला.

शेत संपवून उखर्डू तिथंच झोपला, सकाळी निघाला. घरी पोचला तेव्हा गिरधर दारात हिंगुळाची वाटी घेऊन बसलेला. बाजारकऱ्यांकडून बातमी त्याच्या आधी पोचली होती आणि गिरधरनं ती गावभर केली होती. भर बाजारात, शंभर माणसांसमोर, पटेलानं पागोटं काढून सांगितलं, अशी. उखर्डूनं खोडलं नाही. गिरधर शिंग धरायला उठला.

"राहू दे भाऊ," उखर्डू म्हणाला, "पोळ्यालाच लावू. आता काय घाई?" आणि खाटेवर आडवा झाला. मालूबाईनं बैलाला सांगितलं, की तुझ्या धन्याला जेवायला तरी उठव.

त्या वर्षी पोळ्याला चांद्याची शिंगं लाल झाली. कडू न्हाव्यानं स्वतः बेगड लावली. उखर्डू बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही फारसं दिसलं नाही. तीन वर्षांत बैल म्हातारा झाला होता, तोही.

दसऱ्यानंतर देडतलाईचा एक माणूस दारात आला. बैलाचा तंटा आहे, म्हणाला, दोर धरायला चला. गिरधर आतूनच ओरडला, की माहीत होतं, तापीकाठी दुसरा आहे कोण. मालूबाईनं देवळीतला दोर काढून उखर्डूच्या हातात दिला.

उखर्डू लगेच उठला नाही. खाटेवर बसूनच त्यानं विचारलं, "दुसरा दावेदार हजर आहे का?"

माणूस म्हणाला, तो येईलच, निरोप धाडला आहे.

"तो आल्यावर मला बोलवायला ये," उखर्डू म्हणाला, आणि दोर मांडीवर ठेवून वाट बघत बसला.